आधी मका, मग बाजार: मेक्सिकोच्या मंडईत फिरणाऱ्यांसाठी

मेक्सिकोतल्या एखाद्या जुन्या मंडईत पहिल्यांदाच शिरणाऱ्या मराठी माणसासमोर दोन अडचणी एकदम उभ्या राहतात. पहिली अशी की ओळखीच्या वस्तू गरजेपेक्षा जास्त दिसतात: मिरच्यांचे ढीग, टोमॅटो, पेरू, पपई, कागदी लिंबे, चिंच, आणि ऑक्टोबरअखेरीस गेलात तर झेंडूचे भारेच्या भारे. त्यामुळे हा बाजार आपल्याला आधीपासूनच कळतो असे वाटू लागते. दुसरी अडचण शेजारच्या गल्लीत येते, जिथे शेगड्या पेटलेल्या असतात. टॉर्टिया, मेमेला, तेतेला, त्लायुदा, त्लाकोयो, केसादिया, तामाल अशी नावे फळ्यांवर लिहिलेली असतात, विचारावे तर प्रत्येकात मकाच आहे एवढे उत्तर मिळते, आणि मग कशाला कशापासून वेगळे म्हणायचे हे समजत नाही.

प्रवासाच्या पुस्तिका अशा ठिकाणी पदार्थांची यादी देतात. यादी पाठ करून फारसे काही साधत नाही असे माझे मत आहे. आदल्या रात्री मक्याचे काय केले जाते हे एकदा समजले, की या सगळ्या नावांचा गुंता आपोआप सुटतो आणि बाजाराची रचना, त्याच्या वेळा, एवढेच नव्हे तर दगडी भांड्यांची दुकाने तिथे का आहेत हेही उलगडते. या लेखात उदाहरण म्हणून दक्षिण मेक्सिकोतले वाहाका हे राज्य आणि त्याच्या राजधानीभोवतीची खोरी घेतली आहेत, कारण जुनी बाजारपद्धत तिथे आजही रोजच्या व्यवहारात टिकून आहे.

वारांचा हिशेब

मेक्सिकोत कायम छपराखाली भरणाऱ्या मंडईला मेर्कादो म्हणतात, आणि ठरावीक वारी रस्त्यावर किंवा मैदानात उभ्या राहणाऱ्या बाजाराला तियांगीस. हा दुसरा शब्द अॅझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतून आलेला आहे आणि पद्धतही तितकीच जुनी आहे. स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेस याने 1520 मध्ये आपल्या राजाला लिहिलेल्या पत्रात आजच्या मेक्सिको सिटीतल्या त्लातेलोल्को येथील बाजाराचे वर्णन केले आहे. तिथे रोज साठ हजारांहून अधिक माणसे खरेदी-विक्री करतात, असे तो म्हणतो. आकडा फुगवलेला असू शकतो, कारण जिंकलेल्या प्रदेशाची श्रीमंती राजाला पटवून देण्यात त्याचा स्वार्थ होता. पण प्रत्येक मालाला वेगळी गल्ली, मापात खोट आहे का हे पाहणारे अधिकारी आणि तंटे सोडवणारे न्यायाधीश यांचे त्याने दिलेले तपशील नेमके आहेत. त्या काळी किरकोळ देवघेवीसाठी कोकोच्या बिया नाण्यांसारख्या चालत.

स्पॅनिश लोक येण्यापूर्वी अनेक ठिकाणी बाजार दर पाच दिवसांनी भरत असे. पुढे सात दिवसांचा आठवडा रूढ झाला आणि प्रत्येक गावाच्या वाट्याला एक वार आला. वाहाकाच्या खोऱ्यांत हे वाटप आजही पाळले जाते: बुधवारी एत्ला, गुरुवारी साचिला, शुक्रवारी ओकोत्लान, रविवारी त्लाकोलुला, आणि शनिवारी खुद्द वाहाका शहरातल्या सेन्त्राल दे आबास्तोस या मोठ्या बाजारात सर्वांत जास्त गर्दी. महाराष्ट्रातल्या आठवडी बाजाराची सवय असलेल्याला यात नवे काही वाटणार नाही. नवे आहे ते एवढेच, की या साखळीचा अभ्यास करायला ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की यांच्यासारखा जगप्रसिद्ध मानववंशशास्त्रज्ञ 1940 आणि 1941 मध्ये इथे आला होता, आणि मेक्सिकोचे हुलिओ दे ला फुएन्ते यांच्यासोबत तो गावोगावचे बाजार फिरला होता.

प्रवाशाच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ सोपा आहे. चांगले चीज हवे असेल तर एत्लाचा बुधवार गाठावा, कारण केसियो नावाचे, लोकरीच्या गुंड्यासारखे गुंडाळलेले तारेचे चीज त्याच भागातले आहे. बकऱ्याची बार्बाकोआ, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात रात्रभर शिजवलेले मटण, आणि त्याचा रस्सा खायचा असेल तर त्लाकोलुलाचा रविवार, आणि तोही सकाळीच. ज्याला एकच दिवस आहे त्याने त्लाकोलुला निवडावे. वाहाका शहरापासून ते सुमारे 30 किलोमीटरवर आहे, भोवतालच्या गावांतल्या झापोतेक या मूळनिवासी समाजाच्या बायका फुलाफुलांचे अॅप्रन घालून आपापला माल घेऊन येतात, आणि मंडईच्या मधल्या भागात कोळशाच्या शेगड्या पेटवून ठेवलेल्या असतात. शेजारच्या खाटकाकडून पातळ कापलेले मांस घ्यायचे, कांद्याच्या पाती आणि मिरच्या घ्यायच्या आणि तिथेच भाजून घ्यायचे, अशी सोय आहे.

त्लाकोलुलाहून पुढे मित्लाच्या वाटेवर गिला नाकित्स नावाची एक लहानशी गुहा आहे. तिथे सापडलेली मक्याची इवलीशी कणसे सुमारे 6,250 वर्षांपूर्वीची ठरली आहेत. भोवतालच्या गुहांचा हा परिसर 2010 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, आणि योगायोग असा की त्याच वर्षी मेक्सिकोची पारंपरिक पाककला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. मका जिथे इतकी वर्षे पिकतो आहे तिथला बाजार मक्याभोवती फिरावा यात नवल नाही.

चुन्याचे पाणी आणि एक रात्र

आता मूळ मुद्द्याकडे. वाळलेला मका दळला की पीठ होते, पण त्या पिठाला चिकटपणा नसतो. गव्हात असते तशी ताण धरणारी प्रथिने मक्यात नसतात, त्यामुळे नुसत्या मक्याच्या पिठाची पातळ भाकरी थापायला गेलो तर कडा फाटतात आणि उलटताना तुकडे पडतात. मेक्सिको आणि ग्वाटेमाला या पट्ट्यातल्या लोकांनी यावर तीन हजार वर्षांपूर्वीच उपाय शोधला. वाळलेले दाणे पाण्यात घालून त्यात चुना टाकायचा, दाण्याच्या वजनाच्या साधारण एक टक्का. विड्याच्या पानाला लावतात तोच हा चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. ते पाणी उकळीच्या जवळ आणून दाणे अर्धवट शिजवायचे आणि मग आच बंद करून रात्रभर तसेच ठेवायचे. सकाळी पाणी पिवळट, दाट आणि उग्र वासाचे झालेले असते. ते ओतून दिले आणि दाणे चोळून धुतले की वरची टरफले सुटून येतात. या धुतलेल्या दाण्यांना निश्तामाल म्हणतात आणि ते ओलेच दळले की जो लवचीक गोळा तयार होतो त्याला तिथे मासा म्हणतात. शाकाहारी वाचकांनी दचकू नये.

चुना इथे एकाच वेळी अनेक कामे करतो. दाण्याचे टरफल ज्या चिकट पदार्थांनी धरून ठेवलेले असते ते क्षारामुळे विरघळतात आणि टरफल सुटते. दाण्यातला स्टार्च काही प्रमाणात फुगतो आणि त्यामुळे पिठाला एकसंधपणा येतो. काही कॅल्शियम थेट दाण्यात मुरते. पण सर्वांत महत्त्वाचे काम डोळ्यांना दिसत नाही. मक्यात नायसिन, म्हणजे ब जीवनसत्त्वांपैकी एक, असते. मात्र ते अशा रूपात बांधलेले असते की आपल्या आतड्यांना ते सोडवून घेता येत नाही. चुन्याच्या पाण्यात ते सुटे होते.

याचा पुरावा इतिहासाने फार महागात दिला. स्पॅनिश जहाजांतून मका युरोपात गेला, पण चुन्याची रीत सोबत गेली नाही. गरिबांच्या ताटात मकाच मुख्य झाला तेव्हा कातडी सोलवटणारा, हगवण लावणारा आणि शेवटी बुद्धिभ्रंश करणारा एक रोग पसरला. स्पेनमधील वैद्य गास्पार कासाल यांनी 1735 मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे इटलीत त्याला पेलाग्रा हे नाव पडले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत त्याने हजारो माणसे मारली. हा संसर्ग नसून आहारातला दोष आहे हे अमेरिकी डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवले आणि तो दोष नायसिनच्या कमतरतेचा आहे हे 1937 मध्ये स्पष्ट झाले. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच जगणाऱ्या गरीब लोकांतही पेलाग्रा आढळत असे, आणि हैदराबादचे सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्यूसिन या अमिनो आम्लाशी जोडला होता. म्हणजे हा विषय मराठी मुलखाला अगदीच परका नाही. मेक्सिकोत मात्र मका हेच मुख्य अन्न असूनही हा रोग त्या प्रमाणात पसरला नाही, आणि त्यामागे ही रात्रीची रीत होती.

हे समजल्यावर बाजारातल्या अनेक गोष्टींना अर्थ येतो. किराणा मालाच्या गाळ्यावर चुन्याचे पांढरे खडे पोत्यात का ठेवलेले असतात, गल्लीच्या तोंडाशी पहाटेपासून दळणाची गिरणी का घरघरत असते आणि तिच्यासमोर ओल्या दाण्यांच्या बादल्या घेऊन बायका रांगेत का उभ्या असतात, हे सांगावे लागत नाही. पूर्वी हे दळण मेताते नावाच्या तीन पायांच्या, किंचित उतरत्या दगडी पाट्यावर गुडघ्यांवर बसून होत असे आणि घरातल्या बाईचे रोजचे कित्येक तास त्यात जात. विजेच्या गिरण्या आल्यावर तो भार उतरला. मेताते अजून विकले जातात, पण त्यांवर आता मुख्यतः कोको, मिरच्या आणि सणासुदीचे मसाले वाटतात.

पुढची पायरी कारखान्याने गाठली. निश्तामाल करून वाळवून दळलेले तयार पीठ 1949 पासून मासेका या नावाने विकले जाऊ लागले आणि शहरांतल्या बहुतेक यंत्रावरच्या टॉर्टिया आज तशा पिठाच्या किंवा मिश्रणाच्या असतात. त्या वाईट नसतात, फक्त त्यांना वास कमी असतो. मंडईत हाताने थापलेली टॉर्टिया शोधायची असेल तर रंग पाहावा: स्थानिक जातींचा मका पांढरा, पिवळा, निळा आणि लालसरही असतो, आणि टोपलीतल्या टॉर्टिया एकसारख्या गोल नसतील तर बहुधा त्या हातच्याच आहेत.

एक गोळा, अनेक आकार

आता फळ्यावरची नावे पुन्हा वाचून पाहावीत. हा गोळा पातळ थापून मातीच्या कोमालवर, म्हणजे तव्यावर, भाजला की टॉर्टिया. जाडसर थापून, भाजून, गरम असतानाच कडा चिमटीने उभ्या केल्या आणि वर घेवड्याची वाटलेली उसळ व चीज पसरले की मेमेला. उसळ आत भरून तिन्ही बाजूंनी दुमडून त्रिकोण केला की तेतेला. तेच सारण आत ठेवून लांबट, दोन्ही टोकांना निमुळता आकार दिला की मेक्सिको सिटीतला त्लाकोयो. मोठ्या ताटाएवढी टॉर्टिया मंद आचेवर वाळेपर्यंत भाजली, मग तिच्यावर उसळ, कोबी, केसियो आणि मांस घालून निखाऱ्यावर खरपूस केली की त्लायुदा, जी वाहाकाची ओळख मानली जाते. तोच गोळा चरबी घालून फेटून मक्याच्या सालपटात किंवा केळीच्या पानात बांधून वाफवला की तामाल. पाण्यात कालवून शिजवला की आतोले नावाचे दाट गरम पेय, आणि त्यात चॉकलेट घातले की चांपुरादो. फरक जाडीचा, घडीचा आणि आचेचा आहे.

टॉर्टिया भाजणाऱ्या बाईसमोर पाच मिनिटे उभे राहिले तर त्यातले कसब कळते. कोमालला ती सकाळी चुन्याच्या पातळ पाण्याचा हात फिरवते, त्यामुळे पीठ मातीला चिकटत नाही. थापलेली चकती ती तळहातावरून सोडते, टाकत नाही, म्हणजे खाली हवेचा फुगा अडकत नाही. काही सेकंदांत कडा सुटू लागल्या की पहिली उलटणी, दुसऱ्या बाजूला जास्त वेळ, मग पुन्हा उलटून बोटांनी मधोमध हलकेच दाबले की ती टम्म फुगते. न फुगलेली टॉर्टिया ती गिऱ्हाइकाच्या टोपलीत टाकत नाही, बाजूला ठेवते.

मक्याचे सर्वांत अनपेक्षित रूप मात्र पेयाचे आहे. वाहाकाच्या बाजारात मोठ्या मातीच्या घंगाळात वर पांढऱ्या फेसाचे ढेकूळ तरंगत असलेले एक तपकिरी पाणी दिसते, ते तेहाते. त्यात राखेच्या पाण्यात शिजवलेला मका, भाजलेला कोको, मामेय या फळाच्या बियांतला गर आणि रोसिता दे काकाओ नावाचे एक सुगंधी फूल असते. हे सगळे वाटून झाल्यावर बाई कोपरापर्यंत हात घालून तो गोळा थोड्या-थोड्या थंड पाण्याने बराच वेळ मळत राहते आणि शेवटी उंचावरून पाण्याची धार धरते. कोको आणि त्या बियांतली चरबी वर येते आणि फेस धरते. साबण किंवा दूध काहीही नसते. लाल रंगवलेल्या तुंब्याच्या वाटीत हे देतात. चव मातकट, फुलांची आणि जेमतेम गोड असते, आणि पहिल्या घोटाला ते प्रत्येकाला आवडेलच असे नाही. शहराजवळचे सान आंद्रेस ह्वायापाम हे गाव यासाठी प्रसिद्ध आहे.

मिरची आणि मोले

मिरची मेक्सिकोची आहे आणि पोर्तुगिजांमार्फत ती गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे, की मूळ देशात तिचे मुख्य काम झणका देण्याचे नाही. वाळलेल्या मिरच्यांच्या गाळ्यावर उभे राहून वास घेतला तर काहींना मनुकांचा, काहींना तंबाखूचा, काहींना धुराचा वास येतो. इथे ओली आणि वाळलेली मिरची या दोन वेगळ्या वस्तू समजल्या जातात आणि त्यांची नावेही बदलतात: पोब्लानो वाळली की आंचो, चिलाका वाळली की पासिया, हालापेन्यो धुरी देऊन वाळवली की चिपोत्ले. आंचो आणि ग्वाहियो या आपल्या जिभेला सौम्य वाटतील अशा आहेत. युकातान भागातल्या हाबानेरोच्या बाबतीत मात्र कोल्हापूरकरांनीही आधी थेंबच चाखावा.

या मिरच्यांचे शिखर म्हणजे मोले. मोले हा एक पदार्थ नाही. वाटलेल्या मिरच्या, बिया, सुका मेवा, मसाले आणि मक्याने दाटपणा आणलेला रस्सा, असा तो एक मोठा वर्ग आहे. वाहाकाचे सात मोले सांगण्याची पद्धत आहे: काळा, तांबडा, कोलोरादितो, पिवळा, हिरवा, चिचिलो आणि फळे घातलेला मांचामांतेल. सातचा आकडा पर्यटनाच्या सोयीचा आहे, घरोघरी प्रकार कितीतरी जास्त आहेत. काळ्या मोलेत चिलुआक्ले नावाची दुर्मीळ आणि महाग मिरची लागते, आणि तिच्या बिया व टॉर्टियाचा तुकडा चक्क कोळसा होईपर्यंत जाळून, पाण्यात भिजवून कडूपणा काढून मग वाटतात. रंग त्या जळण्यातून येतो. चॉकलेट त्यात असते, पण थोडेसे. मोले म्हणजे चॉकलेटची आमटी ही परदेशात पसरलेली समजूत चुकीची आहे.

बाजारात मोलेचे तयार वाटण मोठ्या भांड्यांत डोंगरासारखे रचून ठेवतात आणि वजनावर विकतात. घरी नेऊन ते टोमॅटोचा रस आणि कोंबडीचे पाणी घालून सैल करायचे असते. वाहाका शहरात 20 दे नोव्हिएम्ब्रे मंडईच्या बाजूला मिना नावाच्या रस्त्यावर चॉकलेटच्या गिरण्या आहेत. तिथे कोकोच्या बिया, साखर, दालचिनी आणि बदाम आपल्याला हव्या त्या प्रमाणात मोजून घेऊन डोळ्यांदेखत दळून मिळतात. त्याच मंडईत धुराने भरलेली एक गल्ली आहे जिथे मांस भाजून देतात. ती जरूर पाहावी. कपड्यांना वास राहतो एवढी तयारी ठेवावी.

शाकाहारी माणसाने काय करावे

पुण्या-मुंबईहून निघणाऱ्यांचा हा पहिला प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर अर्धे दिलासा देणारे आहे. भाजी म्हणून जे आहे ते विपुल आहे: भोपळ्याची फुले, नाना प्रकारच्या रानभाज्या ज्यांना केलितेस म्हणतात, काटे खरडून काढलेल्या नोपालच्या फड्या, घेवडे, मश्रूम. नोपाल म्हणजे आपल्याकडच्या बांधावर दिसणाऱ्या फड्या निवडुंगाचे कूळ. तो अमेरिकेतूनच इकडे आला आहे. मक्याच्या कणसावर काणी पडली की आपला शेतकरी ते कणीस उपटून टाकतो. मेक्सिकोत त्याच काळ्या बुरशीला उइत्लाकोचे म्हणतात, केसादियात, म्हणजे सारण घालून दुमडलेल्या टॉर्टियात, भरतात आणि तिला साध्या मक्यापेक्षा जास्त भाव मिळतो. उपवास करणाऱ्यांसाठीही सोय आहे, कारण राजगिरा मूळ याच प्रदेशातला आहे आणि लाह्या मध किंवा गुळात घोळून केलेल्या आलेग्रिया नावाच्या वड्या प्रत्येक मंडईत मिळतात.

दिलासा न देणारा भाग असा की मांस दिसत नाही म्हणजे ते नाही, असे समजता येत नाही. घेवड्याची उसळ डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, तामालच्या पिठात तीच फेटलेली असते, वाहाकातल्या मेमेलावर आणि त्लायुदावर आसिएंतो म्हणजे चरबीची बेरी आधीच फासतात, आणि भात अनेकदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. ‘सिन कार्ने’, मांस नको, एवढे म्हणून भागत नाही. ‘येवा मांतेका?’, म्हणजे यात चरबी आहे का, असे विचारावे आणि त्लायुदा मागवताना ‘सिन आसिएंतो’ म्हणावे. बाजारातल्या बायका याला तऱ्हेवाईकपणा समजत नाहीत, सरळ हो किंवा नाही सांगतात. कडक शाकाहारी असाल तर तामालपेक्षा डोळ्यांसमोर थापलेली, भोपळ्याच्या फुलांची केसादिया सुरक्षित. टोळ खाणाऱ्यांसाठी वाटेवर लसूण, लिंबू आणि मीठ लावून भाजलेल्या चापुलिनेसच्या टोपल्या आहेतच. मापाने मिळतात आणि विकणारी चवीला चिमूटभर हातावर देते.

वेळ, पैसे आणि पोट

दुपारचे मोठे जेवण मेक्सिकोत साधारण दोन ते चारच्या दरम्यान होते. त्या वेळी मंडईतल्या फोंदा, म्हणजे लहान खाणावळी, कोमिदा कोरिदा नावाचे ठरलेले ताट देतात: आधी पातळ सूप, मग भात किंवा शेवया, मग मुख्य रस्सा टॉर्टियांसह आणि सोबत फळांचे किंवा जास्वंदीचे सरबत. स्वस्तात स्थानिक घरगुती जेवण जेवायचे असेल तर ही वेळ साधावी. सकाळी अकरापर्यंत आणि रात्री तामाल-आतोलेच्या गाड्या असतात. अशा ठिकाणी प्लास्टिकच्या ताटलीवर पातळ पिशवी चढवून वाढतात आणि गिऱ्हाईक बदलले की फक्त पिशवी बदलतात. पाण्याची टंचाई असलेल्या गल्लीत हा तोडगा निघाला आहे, पाहायला कसाही वाटला तरी.

पोट बिघडण्याचे बरेच प्रसंग पाणी आणि उघड्या वाट्यांतल्या साल्सांमुळे येतात, शेगडीवरून उतरलेल्या पदार्थांमुळे नव्हे. सरबत मोठ्या बाटलीतल्या शुद्ध पाण्याचे आहे का हे विचारायला हरकत नाही. भाज्या आणि फळे वजनाप्रमाणेच वाटे करूनही मांडलेली असतात आणि वाट्याचा भाव ठरलेला असतो. घासाघीस खाद्यपदार्थांत फारशी करत नाहीत. दोन-तीनदा त्याच गाळ्यावर गेलात तर मापावर थोडे जास्त मिळते, त्याला पिलोन म्हणतात. विकणारी आणि घेणारी दोघीही एकमेकींना मार्चांता म्हणतात, ते ऐकून आपणही म्हणावे. जवळ सुटे पेसो ठेवावेत. छायाचित्र काढण्याआधी विचारावे आणि शक्य तर आधी काहीतरी विकत घ्यावे.

राजधानी मेक्सिको सिटीत एकच दिवस असेल तर ला मेर्सेद पाहावे. 1957 मध्ये बांधलेली ती मंडई शहराचे घाऊक केंद्र होती. 1982 मध्ये इस्तापालापा भागात 300 हेक्टरांहून मोठा सेन्त्राल दे आबास्तो सुरू झाला आणि घाऊक व्यापार तिकडे गेला, पण वाळलेल्या मिरच्या आणि मोलेच्या वाटणांसाठी ला मेर्सेदच्या गल्ल्या अजून गजबजलेल्या असतात. सान हुआन मंडई चवदार आहे पण महाग.

परतल्यावर

हे दाणे आणि हा चुना घरी करून पाहणे अवघड नाही. किराणा दुकानात मिळणारा वाळलेला मका घ्यावा, शक्य तर पांढरा. स्वीट कॉर्न किंवा मक्याचे तयार पीठ चालत नाही. एक किलो दाण्यांना खाण्याचा चुना साधारण 10 ग्रॅम आणि पाणी तीन लिटर. भांडे स्टीलचे असावे, अॅल्युमिनियमचे नको, कारण चुना त्यावर क्रिया करतो. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ठेवून दाणा नखाने दाबला असता साल सुटते का पाहावे, सुटली की झाकून रात्रभर ठेवावे. सकाळी हातांनी चोळून दोन-तीन पाण्यांत धुवावे, पण साल अगदी शेवटच्या कणापर्यंत काढू नये, थोडी राहिली तर पीठ जास्त चांगले बांधले जाते. दळायला इडलीचे वाटण करण्याचा दगडी ग्राइंडर बरा. मिक्सरमध्ये पाणी जास्त घालावे लागते आणि पीठ सैल होते. दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये गोळी ठेवून सपाट बुडाच्या पातेल्याने दाबली की चकती तयार होते. चकतीच्या कडा चिरल्या तर पिठात पाणी कमी आहे, कागदाला चिकटली तर जास्त आहे, आणि तव्यावर फुगत नसेल तर आधी आच वाढवून पाहावी.